आगीतून निघालेली दुनळी

कोकणातल्या एका शिक्षकमित्राच्या घराला रात्री आग लागली. माणसे आणि गुरे वाचली, पण माजघर आणि त्यावरचा माळा यांची राख झाली. चौथ्या दिवशी राख उपसताना त्याच्या वडिलांची दुनळी बंदूक सापडली. डुकरे आणि माकडे यांच्यापासून पीक राखण्यासाठी परवाना काढून घेतलेली. लाकडी दस्ता जळून गेला होता, पण नळ्या सरळ होत्या आणि घोडे जागेवर होते. मित्राच्या पुतण्याने ती घासूनपुसून तेल लावून ठेवली, तेव्हा ती जवळजवळ पहिल्यासारखी दिसू लागली.

मित्राचे पत्र आले : "नवा दस्ता बसवला की झाले, असे पुतण्या म्हणतो. मला धाकधूक वाटते. तर म्हणतो, काका, झाडाला बांधू, लांबून दोरीने घोडा ओढू आणि एक बार काढून बघू. नळी फुटली नाही म्हणजे बंदूक चांगली. तू धातूंवर काम करतोस, म्हणून विचारतो. त्याचे म्हणणे बरोबर आहे का?"

मी दोन ओळींचे उत्तर पाठवले : "बार काढू नका. बंदुकीला हात न लावता आधी पोलीस ठाण्यात कळवा." पण नको म्हणणे सोपे असते, का नको हे सांगायला दोन ओळी पुरत नाहीत. आगीने पोलादाचे काय होते, हे माणसाला फार उशिरा कळले. ते कळेपर्यंत हजारो वर्षे पोलाद घडवणाऱ्यांनी भरवसा ठेवला तो स्वतःच्या डोळ्यांवर. तो डोळा कुठे आणि कसा फसतो याची ही हकीकत आहे.

विळ्याचे पाणी

सुरुवात गावच्या लोहारापासून करू. लोहार विळा घडवतो, तो लाल करून पाण्यात बुडवतो. याला आपण 'पाणी देणे' म्हणतो. पाणी दिलेल्या विळ्याला धार टिकते. तोच विळा चुकून चुलीत पडून लाल झाला आणि राखेत हळूहळू निवला, तर त्याचे पाणी उतरते. विळ्याचा आकार तोच राहतो, वजनही तेच राहते. पण गवत कापायला घेतला की धार वळते.

पाणी चढते आणि उतरते म्हणजे नेमके काय होते? पोलाद म्हणजे लोखंड आणि त्यात थोडासा कार्बन, बहुधा एक टक्क्याहून कमी. सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या वर पोलादातील लोहाच्या अणूंची मांडणी बदलते आणि नव्या मांडणीत कार्बन सहज विरघळतो. पोलाद हळू निवू दिले तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो आणि मऊ पोलाद तयार होते. एकदम पाण्यात बुडवले तर कार्बन अडकून पडतो, अणूंची मांडणी ताणली जाते आणि पोलाद अतिशय कठीण होते. पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून कारागीर ते पुन्हा थोडे तापवतो. २३० अंशांच्या आसपास घासलेल्या पृष्ठभागावर गवताच्या काडीसारखा पिवळसर रंग येतो, ३०० अंशांच्या आसपास निळा रंग येतो. जितके जास्त तापवावे तितका कठीणपणा कमी होतो आणि चिवटपणा वाढतो. स्प्रिंगेला निळा रंग, कापणाऱ्या हत्याराला पिवळा, असे हिशेब कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ होते.

बंदुकीतला प्रत्येक भाग असा ठरावीक तापमानाला आणून सोडलेला असतो. स्प्रिंग, घोडा अडवून धरणारी खाच, काडतुसाच्या मागचा भाग आणि नळी या प्रत्येकाचे पाणी वेगळे असते. आता घरातली आग किती तापते ते पाहू. इमारतींचे भाग आगीत किती टिकतात हे तपासण्यासाठी प्रयोगशाळेत एक प्रमाणित आग वापरतात. तिच्यात भट्टीचे तापमान अर्ध्या तासात सुमारे ८४० अंश आणि एका तासात सुमारे ९४५ अंशांवर नेतात. खरी आग याहून कमी किंवा जास्त असू शकते. पण माळा कोसळेपर्यंत जळालेल्या घरात एखादी वस्तू पाच-सहाशे अंशांपर्यंत तापली असेल, तर त्यात नवल नाही. म्हणजे कारखान्यात एकेक अंश मोजून दिलेले पाणी त्या एका रात्रीत उतरू शकते, आणि नळी मात्र सरळच राहते. पोलाद वितळायला १४०० अंशांच्या पुढे जावे लागते, त्यामुळे बंदूक बंदुकीसारखीच दिसत राहते.

लंडनच्या किल्ल्यातील राख

३० ऑक्टोबर १८४१ च्या रात्री लंडनच्या टॉवर या किल्ल्यात मोठी आग लागली. बोयर टॉवर नावाच्या बुरुजात सुरू झालेली ही आग शेजारच्या ग्रँड स्टोअरहाऊस या शस्त्रागारात पसरली. सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या प्रचंड इमारतीत हजारो बंदुका मांडून ठेवलेल्या होत्या. जवळच राजमुकुट आणि राजघराण्याचे दागिने होते. त्यांच्या पिंजऱ्याचे गज पहारींनी वाकवून ते बाहेर काढण्यात आले. शस्त्रागार मात्र पूर्ण जळाले. आज त्या जागी वॉटर्लू बॅरॅक्स नावाची इमारत उभी आहे आणि राजघराण्याचे दागिने तिच्यातच पाहायला मिळतात.

राखेतून निघालेल्या नळ्या, चाप आणि वितळून गोळा झालेल्या धातूचे तुकडे यांचे काय झाले? त्यांतले कितीतरी अवशेष लोकांना आठवण म्हणून विकण्यात आले. घराच्या दिवाणखान्यात ठेवायला ती चांगली वस्तू होती. शस्त्र म्हणून जी गोष्ट निरुपयोगी, ती इतिहासाची खूण म्हणून मोलाची असू शकते. ही वाट आपण लक्षात ठेवू, कारण शेवटी ती आपल्याला उपयोगी पडणार आहे.

त्या काळच्या बहुतेक बंदुकांच्या नळ्या पाणी दिलेल्या पोलादाच्या नसून घडीव लोखंडाच्या असत. या लोखंडात कार्बन इतका थोडा असतो की पाणी चढवायलाच जागा नसते, त्यामुळे उतरण्यासारखेही फारसे काही नसते. चापाच्या स्प्रिंगा आणि ठिणगी पाडणारा पोलादी भाग मात्र पाणी दिलेले असत, त्यामुळे आगीत तेच आधी निकामी होत. म्हणजे १८४१ साली एखाद्याने जळालेल्या बंदुकीला नव्या स्प्रिंगा बसवल्या असत्या, तर त्यात काही तथ्य तरी होते. नंतर दारूचा जोर वाढत गेला, घडीव लोखंडाऐवजी पोलाद आले आणि पोलादाला पाणी देऊन त्याची ताकद वाढवली जाऊ लागली. बंदूक जितकी सुधारली, तितकी ती आगीपुढे नाजूक झाली.

'एक बार काढून बघू'

पुतण्याच्या सूचनेलाही मोठा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली राजाची सनद मिळाली. नळ्या तपासून त्यावर छाप मारण्याचे काम हा संघ करू लागला. बर्मिंगहॅमला १८१३ साली कायद्याने असेच तपासणीघर स्थापन झाले. नेहमीपेक्षा बरीच जास्त दारू भरायची, माणसांनी आडोशाला राहायचे आणि बार उडवायचा. नळी फुटली, फुगली किंवा तडकली तर बाद. टिकली तर छाप. ही दोन्ही तपासणीघरे आजही हे काम करतात. एकदा छाप मिळालेली बंदूक पुढे दुरुस्तीने किंवा झिजेने कमकुवत झाली, तर तो जुना छाप तिथे ग्राह्य धरला जात नाही.

म्हणजे लांबून बार काढून पाहण्याची कल्पना वेडेपणाची नाही. पण तपासणीघरात बार काढण्याच्या आधी आणि नंतर मोजमाप होते, दारू किती भरायची हे ठरलेले असते, आणि मुळात ती बंदूक ठाऊक असलेल्या धातूची, ठाऊक असलेल्या पद्धतीने बनवलेली असते. जळालेल्या बंदुकीबद्दल यातले काहीच ठाऊक नसते. तेव्हा एक बार टिकला, तर त्यावरून कळते ते इतकेच की तो एक बार टिकला. दुसऱ्या बाराबद्दल त्यातून काही सांगता येत नाही. हे वाक्य फार कठोर वाटेल. पण अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या शस्त्रकारखान्याला नेमके हेच शिकायला मोठी किंमत मोजावी लागली. तिकडे वळण्याआधी डोळ्याच्या भरवशाबद्दल थोडे बोलायला हवे.

चेर्नोव्ह यांचे दोन बिंदू

१८६६ साली रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या ओबुखोव्ह पोलाद कारखान्यात दिमित्री चेर्नोव्ह नावाचा तरुण अभियंता रुजू झाला. हा कारखाना तोफा बनवत असे आणि त्यांतल्या काही तोफा चाचणीतच फुटत. एकाच कारखान्यातले, एकाच रसायनाचे पोलाद, मग एक तोफ टिकते आणि दुसरी का फुटते? चेर्नोव्ह यांनी फुटलेल्या तोफांचे तुकडे पाहिले. टिकलेल्या पोलादाचा कण बारीक होता, फुटलेल्यांचा भरड. मग ते भट्टीपाशी उभे राहून तापणाऱ्या पोलादाचे रंग पाहू लागले.

१८६८ साली त्यांनी आपले निष्कर्ष रशियन तंत्रविज्ञान संस्थेपुढे मांडले. तापणाऱ्या पोलादात दोन महत्त्वाचे बिंदू असतात. पहिल्या बिंदूच्या, म्हणजे गडद लाल रंगाच्या खाली तापवलेल्या पोलादाला कितीही वेगाने थंड केले तरी पाणी चढत नाही. दुसऱ्या बिंदूपाशी भरड कण मोडून बारीक होतात, आणि त्याच्या फार वर नेले तर ते पुन्हा वाढू लागतात. तोफ टिकणे किंवा फुटणे हे ती घडवताना कोणत्या तापमानाला होती यावर अवलंबून होते. याच सुमारास इंग्लंडमधील शेफिल्डच्या हेन्री सॉर्बी यांनी पोलादाचा तुकडा घासून, आम्लाने हलका कोरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची रीत पाडली. पोलादाच्या आत कणांची एक नगरी आहे, आणि ती उष्णतेने बदलते, हे त्यामुळे दिसू लागले.

पण एक अडचण होती. चेर्नोव्ह यांच्याकडे इतके उच्च तापमान मोजायचे सोयीचे साधन नव्हते, म्हणून ते रंगाच्या भाषेत बोलत होते : गडद लाल, झगझगीत नसलेला लाल. ते साधन १८८० च्या दशकात आले. फ्रान्सच्या आंरी ल शातलिए यांनी प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तारांचे जोड वापरून भट्टीचे तापमान विश्वासाने मोजता येते, हे दाखवले. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडून ते टोक तापवले की सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो, तो मोजायचा. म्हणजे विसावे शतक उजाडण्यापूर्वी ज्ञानही होते आणि साधनही होते. पण कारखान्याच्या भट्टीपाशी अजून अनुभवी कारागिराचा डोळाच बसलेला होता.

ढगाळ दिवस आणि उन्हाचा दिवस

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्डचा सरकारी शस्त्रकारखाना १९०३ च्या नमुन्याची रायफल बनवत असे. इलिनॉय राज्यातील रॉक आयलंड येथेही ती बनत असे. या रायफलीत नळीच्या मागे एक पोलादी सांगाडा असतो, त्याला रिसिव्हर म्हणतात. बार उडताना मागे येणारा सगळा धक्का हा रिसिव्हर झेलतो, आणि नेमबाजाचा चेहरा त्याच्यापासून वीतभर अंतरावर असतो.

१९१७ साली, अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली त्याच वर्षी, अशा काही रायफली फुटल्या. काडतुसाच्या पितळेत दोष होता, त्यामुळे वायू मागे निसटला. पण चांगला रिसिव्हर अशा वेळी वाकतो किंवा फुगतो. हे रिसिव्हर काचेसारखे तुकडे होऊन उडाले. चौकशी झाली तेव्हा काही रिसिव्हर हातोडीच्या टोल्यानेही तुटतात असे दिसले.

कारण भट्टीपाशी सापडले. घडवण्यापूर्वी पोलाद किती तापले हे जुने, अनुभवी कारागीर रंगावरून ठरवत. त्यांच्या कौशल्याबद्दल कोणालाच शंका नव्हती. मग भट्टीत तापमापक बसवून तपासले, तेव्हा कळले की कारागीर ज्याला 'बरोबर रंग' म्हणत, तो लख्ख उन्हाच्या दिवशी ढगाळ दिवसापेक्षा ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जवळजवळ १६५ अंश सेल्सिअसने जास्त तापमानाचा असे. यात गूढ काही नाही. उन्हात मेणबत्तीची ज्योत फिकी दिसते, तसेच उजेडाने भरलेल्या कारखान्यात लाल पोलाद कमी लाल दिसते. कारागीर म्हणे, अजून तापले नाही, आणि आणखी तापू देई. चेर्नोव्ह यांनी दाखवलेल्या दुसऱ्या बिंदूच्या कितीतरी वर जाऊन ते पोलाद करपत होते. नंतर त्याला पाणी दिले की वरून ते इतर रिसिव्हरांसारखेच दिसे.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे नीट पाहा. या प्रत्येक रायफलीची कारखान्यात जास्त दाबाच्या काडतुसाने तपासणी झालेली होती. प्रत्येक रायफल त्यात उत्तीर्ण झाली होती. सावकाश वाढणारा किंवा अपेक्षित दिशेने येणारा दाब ठिसूळ पोलादही सोसू शकते. पण एखादा आडवा, अचानक धक्का बसला की ते तडकते. 'एक बार काढून बघितला' या पुराव्याची किंमत किती, ते इथे दिसते.

१९१८ च्या सुरुवातीला स्प्रिंगफील्डने तापवण्याची पद्धत बदलली. सुमारे ८ लाख क्रमांकाच्या आधीच्या स्प्रिंगफील्डच्या आणि २,८५,५०७ क्रमांकाच्या आधीच्या रॉक आयलंडच्या रायफली संशयित ठरल्या. एकूण दहा लाखांच्या घरात. त्यांतल्या बहुतेक चांगल्याही असतील, पण कोणत्या, हे बाहेरून सांगता येत नव्हते. जुन्या रिसिव्हरांना नव्याने पाणी देऊन वाचवता येईल का, हेही तपासून पाहिले. भरवसा ठेवता येईल असा परिणाम मिळाला नाही. एकदा करपलेले पोलाद पुन्हा तापवून पूर्ववत होत नाही. १९२७-२८ च्या सुमारास असा निर्णय झाला की या रायफली नव्याने वाटायच्या नाहीत, राखीव म्हणून बाजूला ठेवायच्या. अमेरिकी सैन्यातील शस्त्रास्त्र अधिकारी ज्युलियन हॅचर यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात १९१७ ते १९२९ या काळात फुटलेल्या ६८ रिसिव्हरांची नोंद दिली आहे. मृत्यू कोणाचा झाला नाही, पण काहींचा डोळा गेला.

दहा लाखांत ६८ म्हणजे फारच थोडे, असे कोणी म्हणेल. पण ज्याच्या गालाशी ती रायफल होती, त्याला हे गणित सांगून उपयोग नव्हता.

राखेतले साक्षीदार

स्प्रिंगफील्डचे पोलाद ठिसूळ झाले होते. आगीतल्या बंदुकीचे बहुधा उलटे होते, ती मऊ पडते. बार उडाला की काडतुसाला मागून आधार देणारा भाग केसभर दबतो. पुढच्या बाराला आणखी केसभर. काडतुसाला मागे फट मिळते आणि एके दिवशी त्याचे पितळ फाटून तापलेला वायू मागे येतो. त्यातच आग विझवताना तापलेल्या पोलादावर पाणी पडले असेल, तर एकाच बंदुकीत एक भाग मऊ आणि दुसरा ठिसूळ असेही होऊ शकते. दोन्ही दोष डोळ्याला दिसत नाहीत.

मग आपण काय पाहू शकतो? पोलाद बोलत नसले तरी त्याच्या आजूबाजूचे पदार्थ बोलतात. प्रत्येकाला आपापले तापमान ठाऊक असते. लाकूड साधारण ३०० अंशांच्या आसपास करपून कोळसा होऊ लागते. कथील आणि शिसे यांचा डाख १८३ अंशांपासून वितळू लागतो. शिसे ३२७ अंशांना, जस्त ४२० अंशांना, अॅल्युमिनियम ६६० अंशांना आणि तांबे १०८५ अंशांना वितळते. पितळ साधारणपणे ९०० अंशांच्या पुढे जाते. जळालेल्या खोलीतून अशा खुणा गोळा केल्या की बंदूक किती तापली असेल याचा अंदाज बांधता येतो.

मी मित्राला विचारले, नळ्यांच्या मधली पट्टी हलते का? बऱ्याच दुनळ्यांमध्ये ही पट्टी डाखाने बसवलेली असते. उत्तर आले, एका बाजूने सुटली आहे. बंदुकीशेजारी आणखी काय सापडले? अॅल्युमिनियमचा एक टोप, वितळून पत्र्यासारखा सपाट झालेला. घोडे ओढल्यावर? पूर्वी अंगठा दुखायचा, आता सहज येतात. तीन साक्षी झाल्या. डाख सुटला म्हणजे १८३ अंश तर नक्कीच ओलांडले. टोप वितळला म्हणजे त्या जागेचे तापमान ६६० अंशांच्या आसपास किंवा वर गेले. स्प्रिंगा सैल पडल्या म्हणजे त्यांचे पाणी उतरले. यापुढे कोणत्याही मोजमापाची गरज उरली नव्हती.

मोजमापे आहेत. स्वीडनच्या ब्रिनेल यांनी १९०० साली पोलादाची कठीण गोळी दाबून उठलेल्या खळग्यावरून काठिण्य मोजण्याची पद्धत मांडली. पुढे अमेरिकेतल्या दोन रॉकवेल यांनी ती जलद केली. चुंबकाने आणि बारीक लोहकणांनी पृष्ठभागाजवळच्या तडा शोधता येतात. केवळ धुराने काळवंडलेल्या, लाकडाचे पॉलिशही न फुगलेल्या बंदुकीच्या बाबतीत परवानाधारक कुशल कारागीर ती पूर्ण खोलून, तपासून निर्णय देऊ शकतो. तिथे घाई असते ती गंजाची. आगीत प्लॅस्टिकच्या वायरी जळाल्या असतील तर धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि ते काही दिवसांत पोलाद खाऊ लागते. पण ज्या बंदुकीचा दस्ता कोळसा झाला आहे, तिच्यासाठी उत्तर एकच आहे : तिने पुन्हा बार काढायचा नाही. नवीन पाणी द्यायचे तर पोलाद कोणते हे ठाऊक हवे, नळी वाकता कामा नये आणि सगळी मापे पुन्हा जुळायला हवीत. स्प्रिंगफील्डच्या कारखान्याला जे जमले नाही, ते गावच्या भात्यावर जमणार नाही.

आणखी दोन सूचना गावोगावी सांगण्यासारख्या आहेत. राखेत बंदूक सापडली तर ती भरलेलीच आहे असे समजावे, आणि तिच्या तोंडापुढे कोणी उभे राहू नये. नळीत काडतूस असेल तर ते आगीत उडालेले असेलच असे नाही. सापडलेली काडतुसे चांगली दिसली तरी वापरू नयेत, फोडू नयेत, कचऱ्यात टाकू नयेत. दुसरे म्हणजे, भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती आणि चाचणी हा परवान्याचा विषय आहे. तेव्हा पहिला फोन पोलीस ठाण्याला.

वर्गात करून पाहा

हा सगळा इतिहास चार शिवणाच्या सुयांनी वर्गात दाखवता येतो. डोळ्यांना चष्मा हवा, सुई पकडीत धरायची, आणि प्रयोग शिक्षकाने करायचा. पहिली सुई तशीच ठेवा. दुसरी ज्योतीत लाल करून अगदी सावकाश ज्योतीबाहेर आणा. तिसरी लाल करून लगेच पाण्यात बुडवा. चौथीला तिसरीसारखेच करा, मग घासून चकचकीत करा आणि लोखंडी पत्र्यावर ठेवून निळा रंग येईपर्यंत हलके तापवा. आता चारही सुया बारीक पॉलिशपेपरने घासून सारख्या चकचकीत करा, मिसळा आणि मुलांना विचारा : कोणती कोणती आहे?

कोणालाच सांगता येत नाही. मग पकडीने एकेक वाकवा. एक वाकून तशीच राहते, एक टचकन मोडते, उरलेल्या दोन वाकून परत येऊ पाहतात. चकाकी सारखीच असली तरी आतली घडण वेगळी होती. मोडताना तुकडा उडतो, म्हणून सुयांवर फडके धरायला विसरू नका.

मित्राने हाच प्रयोग घरी पुतण्याला करून दाखवला. चार सुया त्याच्या तळहातावर ठेवल्या आणि म्हणाला, "यातली मऊ पडलेली ओळख, मग आपण बार काढू." पोराने बराच वेळ पाहिले, उजेडात धरली, नखावर घासली आणि सुया परत दिल्या. दुसऱ्या दिवशी काका-पुतण्या पोलीस ठाण्यात जाऊन कळवून आले.

आजोबांची आठवण म्हणून ती दुनळी निकामी करून घरी ठेवता येईल का, असे मित्राने पुढच्या पत्रात विचारले. त्यासाठी रीतसर परवानगी लागते, पण प्रश्न योग्य होता. लंडनच्या त्या राखेतले तुकडेही लोकांनी असेच जपले होते. जळालेली बंदूक जपून ठेवायला हरकत नाही, ती पुन्हा खांद्याला लावायची नाही, एवढेच.